पत्रातला गाळलेला परिच्छेद

जर्मनीत आमच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र वाचायचं काम माझ्याकडे होतं. आणि पत्रं काय थोडी यायची! शाळेची, विम्याची, इमारतीचा कारभार बघणाऱ्या हाउसफेर्वाल्टुंगची, कधी नुसतंच कुणीतरी खालच्या दारावर चिकटवलेलं. आई ती आणून फ्रीजवरच्या टोपलीत ठेवायची. संध्याकाळी सातला जेवणं उरकली की बाबा टेबल पुसून घ्यायचे, चष्मा काढून बाजूला ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हं, चालू द्या बाईसाहेब." मग मी आधी जर्मनमधून खणखणीत आवाजात वाचायची आणि नंतर मराठीत सांगायची. बाबा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होते, आम्ही राहायचो त्या ब्राउनश्वाइगहून रोज रेल्वेनं जायचे. ऑफिसात इंग्रजीवर भागायचं, आणि त्यांचं जर्मन म्हणजे 'या, या, गेनाऊ', हो, हो, अगदी बरोबर, म्हणून मान हलवायची, एवढंच असं मी धरून चालले होते. जिन्यात सायकली ठेवू नका, असं मी वाचलं की दुसऱ्या दिवशी सायकल तळघरात जायची. चौदाव्या वर्षी घरात कुणाचा एवढा शब्द चालतो, तुम्हीच सांगा! मला त्याचा चांगलाच माज चढला होता, हे आज चाळिशी गाठल्यावर कबूल करायला हरकत नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर फ्राउ क्रेमर नावाच्या एकट्या बाई राहायच्या, आणि दुपारी एक ते तीन शांतता पाळायची म्हणजे काय हे त्यांनी आम्हाला झाडूच्या दांड्यानं शिकवलं होतं. आमच्याकडे जरा खुट्ट झालं की खालून छताला तीन ठोके. आई मिक्सर चार घड्यांच्या टॉवेलवर ठेवून चालवायची आणि कुकरची शिट्टी होणार असं दिसलं की धावत जाऊन गॅस नव्हे, ती विजेची शेगडीच बंद करायची. डाळ अर्धी कच्ची राहायची, मग आई पुटपुटायची, "ह्यांच्या शांततेपायी आमच्या वरणाचं वाटोळं." तिच्या हातचं श्रीखंड मात्र मी त्यानंतर कुठंच खाल्लं नाही. दुकानातलं दह्यासारखं क्वार्क आणायची, पंच्यात बांधून बाथरूमच्या नळाला टांगायची, आणि सकाळी दात घासताना तोंडासमोर ते पांढरं गाठोडं टपटप गळत असायचं.

नववीत गेलं की तिथली मुलं टान्झशूलेत जातात, म्हणजे नाच शिकायला. आपल्याकडे जशी मुंज तसं ते, अख्खा वर्ग जातो, आणि शेवटी एक मोठा समारंभ होतो, त्याला आई-वडील नटूनथटून येतात. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईनं पोळी लाटणं थांबवलं. "नाच? मुलांबरोबर? म्हणजे कसा, लांबून?" मी म्हटलं, लांबून कसा असेल, जोडीनं असतो. आईनं बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "शिकू दे की. पोहायला घातली तेव्हा काय पाणी लांबून होतं?" पुढचे चार दिवस माझ्याकडे बघून आईचे उसासे चालले होते.

आईनं काळजी करायचं काही कारणच नव्हतं. मला धरायला कुणी येतच नव्हतं. दर बुधवारी दुपारी चारला भिंतीच्या एका बाजूला आम्ही मुली खुर्च्यांवर, समोरच्या बाजूला मुलं, मध्ये चकचकीत लाकडी जमीन. शिकवणाऱ्या फ्राउ लिंडेमान टाळी वाजवायच्या, की मुलांनी उठायचं, जमीन ओलांडून यायचं, एखाद्या मुलीसमोर वाकायचं आणि विचारायचं. ती जमीन ओलांडायला मुलांना सात-आठ सेकंद लागायचे. माझी मैत्रीण कात्रिन शेजारीच बसायची, तिच्यासमोर तीन-तीन पोरं वाकायची. मी बुटाच्या लेसकडे बघत राहायची, म्हणजे जणू मला कुणी विचारलं तरी वेळ कुठे आहे! शेवटी उरायची मी आणि उरायचा योनास. योनास ताडमाड उंच, सदा शिंकणारा, आणि त्याला स्वतःच्या पायांचा ठावठिकाणा नसायचा. तिसऱ्या बुधवारी तो म्हणाला, "आपण ठरवूनच टाकू या का? म्हणजे दर वेळी वाट बघायला नको." इतकं शहाणपणाचं बोलणं मी त्या वर्षात दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. मी लगेच हो म्हटलं.

फ्राउ लिंडेमान वाळकुड्या, पाठ ताठ. त्या सांगायच्या, पायांकडे बघू नका, पाय पळून जात नाहीत. जोडीदाराच्या कानाकडे बघा. चुकलात तर थांबू नका, चुकल्याचा चेहराही करू नका. नाचता येतं की नाही हे लोकांना तुमच्या खांद्यांवरून कळतं. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं, मुलखाची अभ्यासू ना मी! घरी स्वयंपाकघर ते दार एवढ्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये मोजे घालून सराव करायची, म्हणजे फ्राउ क्रेमरना ऐकू जायला नको. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, वळताना कोट अडकवायच्या खुंट्यांना कोपर लागायचं. बाबा कधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, हातात चहाचा कप. बघत राहायचे. मी थांबायची. "कर गं, मी काही बोलतोय का?" म्हणायचे. "तुम्ही जा आधी," मी म्हणायची. ते जायचे. हळूहळू मला जमायला लागलं. नवव्या-दहाव्या आठवड्यात योनास आणि मी एकदाही न अडखळता अख्खा हॉल फिरलो, आणि त्या बुधवारी मी ट्राममधून दोन थांबे आधीच उतरून, चालत, मान वर करून घरी आले.

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर मी पुढे जे केलं ते नुसतंच दुष्टपणाचं वाटेल. दुष्टपणा होताच, पण कारणही होतं. बाबांना नाचायची भारी हौस. पुण्यात गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजला की त्यांना आवरायचं म्हणजे दोघा मित्रांचं काम असायचं, असं आई सांगते. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शाळेच्या अंगणात सगळ्या पालकांचा मेळावा होता. कुठलंसं बँड वाजवणारं मंडळ आलं होतं. जर्मन आई-वडील बीअरचे ग्लास धरून जागच्या जागी जरा डुलत होते. आणि आमचे बाबा, शर्टाच्या बाह्या सरसावून, दोन्ही हात वर, दोन्ही तर्जन्या आभाळाकडे, खांदे उडवत थेट मधोमध! तोंडात बोटं घालून शिट्टीसुद्धा मारली. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. बाबांना वाटलं, कौतुक चाललंय. पुढचा आठवडाभर वर्गातली पोरं मी आले की दोन्ही बोटं वर करून खांदे उडवायची. एकानं तर गणिताच्या तासाला फळ्याजवळ करून दाखवलं आणि शिक्षकांनाही हसू आवरेना. मी घरी काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून बाबांबरोबर रस्त्यानं जाताना मी दोन पावलं मागं चालायला लागले. बाबा वळून बघायचे, थांबायचे, मी पण थांबायची.

आणि मग ते पत्र आलं. टान्झशूलेचं, जाड कागदावर. आई भांडी विसळत होती, बाबांनी डोळे मिटले होते. मी वाचायला लागले. समारंभ अमुक शनिवारी, दुपारी पाचला, अमुक हॉलमध्ये. मुलांनी सूट घालावा, मुलींनी लांब पोशाख. आणि तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की प्रथेप्रमाणे पहिला वॉल्ट्झ मुली आपल्या वडिलांबरोबर आणि दुसरा मुलगे आपल्या आईबरोबर नाचतील. ज्या पालकांना सवय राहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शनिवारी सकाळी उजळणीचा वर्ग ठेवला आहे, जरूर यावं. माझ्या डोळ्यांसमोर दोन तर्जन्या उभ्या राहिल्या. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, सुटाबुटातले बाप, आणि मधोमध माझे बाबा शिट्टी मारताहेत. दुसरंही होतं. मी दहा-अकरा वर्षांची झाल्यापासून बाबांनी मला जवळ घेतलेलं मला आठवत नाही. आपल्याकडे ते आपोआपच थांबतं, कुणी ठरवत नाही. शंभर लोकांसमोर त्यांच्या हातात हात द्यायचा, आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवायचा! छे! मी जर्मनमध्ये वाचतानाच दुसऱ्या परिच्छेदावरून थेट चौथ्यावर उडी मारली. आवाज जरासुद्धा हलला नाही. मराठीत सांगितलं, "पालकांनी बसून बघायचं. खायला असणार आहे. गाड्या मागच्या बाजूला लावायच्या."

"म्हणजे गॅदरिंगच की," आई म्हणाली.

"हो. गॅदरिंगच."

बाबांनी डोळे उघडले, चष्मा लावला. "बरं," म्हणाले. पत्र घेतलं, घडी केली आणि परत टोपलीत ठेवलं.

त्यानंतरचे तीन आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. खोटं बोलणं सोपं, ते सांभाळणं म्हणजे कप्पाळ! ते पत्र मी दुसऱ्या दिवशी टोपलीतून काढून फाडलं आणि शाळेच्या कचऱ्यात टाकलं. फ्राउ लिंडेमाननी सगळ्या मुलींना विचारलं, पहिल्या नाचाला वडील येणार ना? मी सांगितलं, माझे बाबा त्या दिवशी कामासाठी श्टुटगार्टला असतील. त्या म्हणाल्या, काही हरकत नाही, माझा नवरा नाचेल तुझ्याबरोबर. मला वाटलं, सुटले. हॉलमध्ये बाबा मागे कुठंतरी बसतील, कोण बघायला जातंय, असा माझा हिशेब. उजळणीच्या पहिल्या शनिवारी बाबा घरीच होते. बाल्कनीत बसून त्यांनी जुन्या ट्रान्झिस्टरचे सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडले होते आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते, वर्ग संपेपर्यंत. दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघं सुपरमार्केटमध्ये होतो, मी अर्थातच दोन पावलं मागं. आणि दुधाच्या कपाटापाशी कात्रिनचे वडील भेटले. चांगले गलेलठ्ठ, हसरे. नुकतेच त्या वर्गातून आले होते. त्यांनी बाबांच्या खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, "काय, वॉल्ट्झचा सराव झाला का?"

हातात अंडी होती, ती पडली नाहीत हे नशीब.

"या, या, गेनाऊ!" बाबा म्हणाले आणि मोठ्यानं हसले. कात्रिनचे वडीलही हसले आणि पुढे गेले. समजलं नाही ह्यांना, मी मनात म्हटलं. देवा, समजलं नाही. घरी जाताना बाबा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट खांद्यावर घेऊन तीन मजले चढले, दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबले आणि म्हणाले, "कात्रिनचे बाबा बरे आहेत ना स्वभावानं?" मी म्हटलं, हो. "हं," म्हणाले आणि परत चढायला लागले.

समारंभाच्या दिवशी सकाळपासून घरात नुसती धांदल. आईनं माझा निळा झगा चार वेळा इस्त्री केला. तिनं स्वतः नारायणपेठी नेसली आणि त्यावर थंडीचा जाड कोट, त्यामुळे खाली साडीचा काठ तेवढा दिसायचा. बाबांनी सूट घातला, टाय तीनदा बांधून तीनदा सोडला. चार वाजता बेल वाजली. दारात योनास, सुटात आणखीच उंच दिसणारा, एका हातात माझ्यासाठी फुलं आणि दुसऱ्या हातात आईसाठी. तशी तिथली रीतच आहे. पण आईचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो," ती मराठीत म्हणाली, "हा फुलं घेऊन का आलाय?" बाबा म्हणाले, "घे गं, बघायला नाही आलेला." योनास शिंकला. आईनं फुलं घेतली आणि काही सुचेना म्हणून त्याला वाटीभर श्रीखंड दिलं. त्यानं ते उभ्याउभ्या सगळं खाल्लं. एरवी मी पोट धरून हसले असते, पण माझं लक्ष सारखं घड्याळाकडे होतं. आईनं माझ्या हातावर दही-साखर ठेवली ती मी कशीबशी चाटली.

हॉलमध्ये प्रत्येक टेबलावर नावांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि आमचं टेबल मागं नव्हतंच. नाचायच्या जागेला लागून, अगदी पहिल्या रांगेत, योनासच्या आई-वडिलांबरोबर. अख्ख्या हॉलमध्ये साडी नेसलेली एकटी माझी आई, आणि तिच्या शेजारचा सावळा माणूस कुणाचा बाप हे सांगायला चिठ्ठीची गरज नव्हती. मी तिथेच समजले की आपलं आता काही खरं नाही. आम्हा मुलींना जमिनीच्या कडेला ओळीत उभं केलं. फ्राउ लिंडेमानांचे यजमान, हेर लिंडेमान, माइकवरून छान गोड आवाजात म्हणाले, की आता वडिलांना विनंती आहे, त्यांनी आपापल्या लेकींना घेऊन यावं. खुर्च्या मागं सरकल्याचा आवाज झाला. बाप उठले. कुणी कोटाचं बटण लावत, कुणी लाजत, कात्रिनचे वडील तर दोन पावलं नाचतच आले. माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या मुली एकेक करून गेल्या. ओळीत मी एकटी.

हेर लिंडेमान माझ्यासमोर आले, वाकले, आणि मग त्यांची नजर आमच्या टेबलाकडे गेली. ते परत माझ्याकडे वळले. "ते तुझे वडील ना?" त्यांनी हळूच विचारलं. "ते तर श्टुटगार्टला होते ना?" वाजवणारे थांबलेले, वीसेक जोड्या हातात हात घेऊन उभ्या, सगळे आमच्याकडे बघताहेत. मी बुटांच्या टोकांकडे बघत राहिले. आता हे बाबांना बोलावणार, बाबांना सगळं कळणार, इथे, सगळ्यांसमोर.

आणि तेवढ्यात बाबा खुर्चीतून अर्धवट उठले, उजव्या गुडघ्यावर दोनदा थापटलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "क्नी! कापुट! लायडर!" गुडघा. बिघडलाय. नाइलाज आहे. आणि हसून परत बसले.

"आख, शाडं," कुणीतरी हळहळलं. हेर लिंडेमानना सगळा उलगडा झाल्यासारखा वाटला असावा, गुडघ्यामुळे श्टुटगार्टचा प्रवासही रद्द झाला असेल बिचाऱ्यांचा. त्यांनी माझा हात धरला. वॉल्ट्झ सुरू झाला. आणि मला मागून आईचा आवाज ऐकू आला, मराठीत, चांगला खणखणीत: "अहो, गुडघ्याला काय झालं? सकाळी तर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलंत!"

"अगं, हळू. नंतर सांगतो."

बाबांच्या गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. आता सत्तरीकडे झुकताना दोन्ही गुडघे खरंच गेलेत, आणि ते म्हणतात की तेव्हा बोललो तेच भोवलं. पण त्या दिवशी ते ठणठणीत होते. इतकं चटकन उत्तर ओठांवर यायला ते आधीपासून तयार ठेवलेलं असावं लागतं. म्हणजे बापानं उठायचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे पत्र त्यांनी वाचलं होतं. म्हणजे मी गाळलं तेव्हा त्यांना कळलं होतं, आणि दुधाच्या कपाटापाशीही कळलं होतं. हेर लिंडेमान माझ्याकडून सुरेख नाचवून घेत होते, पाय आपोआप पडत होते, खांदे ताठ होते, तीन महिन्यांत एवढं छान मला कधी जमलं नव्हतं. आणि मला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गणिताच्या तासाला वाटली होती ती हिच्यापुढे काहीच नाही. तेव्हा मला बाबांची लाज वाटली होती, आता माझी मला वाटत होती.

प्रत्येक फेरीत आमचं टेबल समोरून जायचं. पहिल्या फेरीत योनासच्या आईनं बाबांचा पाय ठेवायला दुसरी खुर्ची ओढली होती. दुसऱ्या फेरीत त्या खुर्चीवर उशी आली होती. तिसऱ्या फेरीत योनासचे वडील कुठूनतरी रुमालात बर्फ बांधून घेऊन आले होते आणि बाबा, धडधाकट माणूस, त्या चांगल्या गुडघ्यावर बर्फ धरून 'डांकं, डांकं' म्हणून आभार मानत बसले होते. ताशा ऐकला की ज्यांना दोघांनी धरावं लागायचं ते बाबा. पाय लांब करून, पाहुण्यासारखे. त्यांची नजर माझ्यावर होती आणि मी समोरून गेले की ते मान डोलवायचे, छान चाललंय म्हणून.

मग मुलगे आपापल्या आयांबरोबर नाचले, मग खाणं झालं. मी टेबलाकडे गेलेच नाही. कात्रिननं ताटलीत बटाट्याचं सॅलड आणून दिलं, ते मी काट्यानं नुसतं इकडून तिकडे केलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांचा गुडघा फार दुखतोय का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. आणि मग हेर लिंडेमाननी माइकवरून सांगितलं: "डामेनवाल!" म्हणजे आता मुलींनी निवडायचं. मुलींनी जमीन ओलांडून जायचं आणि हवं त्याच्यासमोर उभं राहायचं. योनासनं समोरून टाय नीट केला. मी त्याच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून, आणि दुसरीकडे वळले. आमच्या टेबलापर्यंत पंधराएक पावलं असतील. मी चौथ्या-पाचव्या पावलाला परत फिरणार होते, खरं सांगते.

"बाबा, उठा," मी म्हटलं.

बाबा दचकले. बर्फाचा रुमाल खाली पडला. "अगं, काय करतेस? गुडघा दुखतोय माझा."

"नाही दुखत."

"ते तुला माहीत, मला माहीत. ह्या बिचाऱ्यांनी बर्फ आणलाय, उशी आणलीय. आता टुणकन उठलो तर काय म्हणतील?"

"मग लंगडत या."

आई म्हणाली, "जा हो. नाहीतरी बसून बसून गारठला असेल तो पाय." तिला कितपत कळलं होतं कोण जाणे. बाबांनी खुर्चीवरून पाय खाली घेतला, टेबलाला धरून, चेहरा वेडावाकडा करून ते उठले. योनासची आई म्हणाली, "नको हो, जपा!" बाबांनी हात वर करून तिला धीर दिला आणि लंगडत निघाले. चार पावलांवर मी कुजबुजले, "बाबा, उजवा. उजवा सांगितला होतात." "अरेच्चा!" म्हणाले आणि पाय बदलला.

मी त्यांचा डावा हात हातात घेतला. उजवा त्यांना कुठे ठेवावा तेच कळेना. आधी खांद्यापाशी आणला, मग मागं घेतला. शेवटी पाठीवर दोन बोटं अलगद टेकवली, इस्त्री गरम आहे का बघतात तशी. मी मोजायला लागले, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. बाबा प्रत्येक 'एक'ला लंगडत होते आणि त्यामुळे गंमत म्हणजे ठेका बरोबर जमत होता. लोक बाजूला होऊन आम्हाला वाट देत होते. बाबा पायांकडे बघत होते, कान वगैरे बघायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"पत्र वाचलं होतंत?" मी विचारलं.

"हो."

"कधी?"

"तू वाचलंस त्याच्या आधी. सगळीच वाचतो. टोपलीतून काढून, तू वाचायला बसायच्या आत. रेल्वेत पण रोज जर्मनचं पुस्तक घेऊन बसतो, आता बरंच कळतं."

"मग मला कशाला वाचायला सांगता?"

"छान वाचतेस. बरं वाटतं ऐकायला. एक-दोन... थांब, चुकलो."

"थांबू नका. मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

एक वळण आम्ही नीट घेतलं. "काय बोलणार? तुला नको होतं," ते म्हणाले. रागानं नाही, कुरकुरतसुद्धा नाही, लक्ष सगळं पायांकडे. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. चुकलं माझं, असं काहीतरी मी बोलले. बाबा म्हणाले, "असू दे गं. तीनला कुठला पाय?"

अर्धी फेरी झाल्यावर त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आता लाज वाटतेय का? खरं सांग."

"वाटतेय," मी म्हटलं. त्या दिवशी मला खोटं बोलायचा वीट आला होता.

"मग कडेकडेनं जाऊ. त्या खांबामागून. तिथे जरा अंधार आहे." आणि ते खरोखरच तिकडे वळायला लागले, लंगडत, मला जमेल तेवढं लोकांच्या नजरेआड नेत.

नाचात न्यायचं काम पुरुषाचं, हे तीन महिने आमच्या डोक्यात भरलं होतं. मी बाबांचा हात घट्ट धरला, त्यांना उलटं फिरवलं आणि हॉलच्या मधोमध घेऊन गेले.